माकूल आणि चौक : ‘वॉचमेन’च्या चाहत्यांविषयी

आवडत्या पुस्तकावर चित्रपट निघतो आहे असे कळले, की वाचकाच्या मनात आनंदाबरोबर एक धास्तीही उभी राहते. आपण मनाशी जपलेले चेहरे आता दुसराच कोणी कायमचे ठरवून टाकणार, ही ती धास्ती. गद्य कादंबरीच्या बाबतीत ती समजण्याजोगी आहे. पण ज्या पुस्तकात चेहरे आधीच रेखाटलेले आहेत, रंगही भरलेले आहेत, त्याच्या वाचकांनी कशाचे भय बाळगावे? लेखक ॲलन मूर आणि चित्रकार डेव्ह गिबन्स यांच्या ‘वॉचमेन’ या चित्रकादंबरीवर झॅक स्नायडर यांनी केलेला चित्रपट ६ मार्च २००९ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. तेव्हा चाहत्यांत जो कलह माजला, त्यात या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे असे आम्हांस वाटते. मात्र चाहत्यांनी जे उत्तर मोठ्या आवाजात दिले, ते हे नव्हे.

आमच्या पिढीच्या मराठी वाचकाला चित्रकथा म्हटली की ‘इंद्रजाल’मधला वेताळ आठवतो. कवटीच्या गुहेत राहणारा हा गृहस्थ कधी चुकत नसे, आणि त्याच्या ठोशाने कोणी निरपराध मेल्याचे आम्हांस स्मरत नाही. ‘वॉचमेन’चा जन्म नेमका या निश्चिंतपणाविरुद्धच्या शंकेतून झाला. डीसी कॉमिक्सने १९८६-८७ साली ती बारा अंकांत प्रसिद्ध केली. १९८८ मध्ये तिला ह्यूगो पुरस्कार मिळाला. कथा १९८५ च्या न्यूयॉर्कमध्ये घडते, पण हे न्यूयॉर्क इतिहासातले नव्हे. येथे अमेरिकेने व्हिएतनामचे युद्ध जिंकले आहे, निक्सन अजून अध्यक्ष आहेत आणि अणुयुद्ध दाराशी येऊन ठेपले आहे. वेष चढवून गुन्हेगारांना बडवणाऱ्या वीरांवर कायद्याने बंदी आली आहे. त्यांच्यापैकी कोणाचे पोट सुटले आहे, कोणी सरकारी मारेकरी बनला आहे, आणि रोर्शाक नावाचा एकजण मुखवट्याशिवाय जगूच शकत नाही. खरी अद्भुत शक्ती फक्त डॉक्टर मॅनहॅटनपाशी आहे, आणि त्याला माणसांत रस उरलेला नाही. शेवटी जगातला सर्वांत बुद्धिमान म्हणून गाजलेला एड्रियन वाइट महायुद्ध टळावे म्हणून एक उपाय योजतो. तो उपाय म्हणजे न्यूयॉर्कमधील लाखो माणसांची हत्या. ती घडते, आणि युद्ध टळते. उरलेल्या वीरांनी या गुपिताचे काय करायचे, येथे पुस्तक वाचकाला एकटे सोडते.

हे पुस्तक पडद्यावर येऊच शकत नाही, असे वर्षानुवर्षे बोलले जाई. दिग्दर्शक टेरी गिल्यम यांनी तो नाद केला आणि सोडला. काही तासांची मालिका हेच याचे योग्य रूप, अशा निष्कर्षाला ते आले. मूर यांना तर आपल्या कृतींवरील चित्रपटांचा इतका वीट आला होता की, त्यांनी श्रेयनामावलीत आपले नाव येऊ दिले नाही आणि मानधनही नाकारले. गिबन्स मात्र चित्रपटाच्या बाजूने उभे राहिले. म्हणजे निर्मात्यांतच दुही. अशा वेळी चाहत्याने कोणाशी निष्ठा ठेवावी? कित्येकांनी मूर यांच्यासाठी चित्रपटगृहाकडे पाठ फिरवली. त्यांच्या हट्टाची थट्टा करणे सोपे आहे. आम्ही ती करणार नाही. लेखकाच्या शब्दाला मान देण्याची ही रीत अगदी भाबडी असेल, पण स्वस्त नाही. वाट पाहिलेली वस्तू समोर असताना ती न पाहणे, यालाही बळ लागते.

बहुसंख्य चाहते अर्थातच गेले, आणि आधी ते सुखावले. स्नायडर यांनी पुस्तकाच्या चौकटींनाच आराखडा मानले होते. खिडकीतून कोसळणारा कॉमेडियन, हसऱ्या पिवळ्या बिल्ल्यावरचा रक्ताचा थेंब, मंगळावरचा काचेचा महाल, सारे जसेच्या तसे. पुस्तक पाठ असलेल्या प्रेक्षकाला प्रत्येक दृश्य जुन्या ओळखीच्या माणसासारखे भेटत होते. बॉब डिलन यांच्या गाण्यावर रचलेली आरंभीची श्रेयनामावली तर पुस्तकात नसूनही पुस्तकाचीच वाटते. चार दशकांचा पर्यायी इतिहास ती काही मिनिटांत सांगून जाते, आणि चित्रपटाच्या कट्टर विरोधकांनीही तिला नावे ठेवल्याचे आमच्या फारसे ऐकिवात नाही. रोर्शाकच्या भूमिकेतील जॅकी अर्ल हेली यांच्याविषयीही जवळजवळ एकमत होते.

मग भांडण कशावरून? माकुलावरून. पुस्तकात वाइटने प्रयोगशाळेत घडवलेला एक अवाढव्य प्राणी न्यूयॉर्कच्या मध्यभागी अवतरतो. अनेक बाहू, एक डोळा, आपल्या किनाऱ्यावरच्या माकुलाचा कोणी राक्षसी भाऊबंद म्हणावा असा. परग्रहावरून आक्रमण झाले अशी जगाची समजूत होते आणि अमेरिका व सोव्हिएत रशिया भांडण विसरतात. चित्रपटाने हा प्राणी गाळला. तेथे अनेक शहरे स्फोटांनी उद्ध्वस्त होतात आणि दोष डॉक्टर मॅनहॅटनच्या शक्तीवर ढकलला जातो.

यावर जो वाद झडला, तो एखाद्या धर्मपरिषदेला शोभावा असा होता. नव्या शेवटाचे समर्थक म्हणत की तो अधिक घट्ट विणलेला आहे. आयत्या वेळी बाहेरचा प्राणी आणण्यापेक्षा कथेतल्याच पात्राचा उपयोग केला, हे पटकथेच्या दृष्टीने शहाणपणाचे. विरोधक विचारीत की मॅनहॅटन तर अमेरिकेचेच अस्त्र. त्याने मॉस्को जाळले तर रशिया अमेरिकेला मिठी कशी मारील? दोन्ही युक्तिवादांत तथ्य आहे, आणि दुसरा आम्हांस जरा जास्त वजनदार वाटतो. पण या माकुलाने चाहत्यांचे सारे लक्ष गिळून टाकले, आणि त्याच्याआड फार मोठी गोष्ट नाहीशी झाली ती फारच थोड्यांच्या ध्यानी आली.

ती गोष्ट म्हणजे एक चौक. पुस्तकभर आपण पुन्हा पुन्हा न्यूयॉर्कच्या एका कोपऱ्यावर येतो. तेथे वर्तमानपत्रे विकणारा बर्नार्ड आहे. जगाच्या उलाढालींवर तो अखंड बडबडत असतो. त्याच्या पायाशी एक मुलगा पैसे न देता चाच्यांची चित्रकथा वाचत बसलेला असतो. टॅक्सी चालवणारी एक स्त्री आहे, तिची मैत्रीण आहे. वीरांच्या कथेशी यांचा तसा काही संबंध नाही. घाईने वाचणारा ही पाने उलटून पुढे जातो; आम्हीही पहिल्या वाचनात तेच केले होते. आणि आहे तो डॉक्टर माल्कम लाँग, तुरुंगात रोर्शाकची मानसिक तपासणी करणारा.

या डॉक्टरपाशी थोडे थांबले पाहिजे. सहाव्या प्रकरणात तो आनंदी, काहीसा आत्मसंतुष्ट माणूस म्हणून येतो. रोर्शाकला बरे करून नाव मिळवावे, हाही हेतू मनात आहे. पण रोर्शाक त्याला एका लहान मुलीच्या खुनाची आणि आपण खुन्याला दिलेल्या शिक्षेची हकीगत सांगतो, आणि जगाला काही अर्थ नाही हा आपला निष्कर्ष त्याच्या पदरात टाकतो. ते विष डॉक्टर घरी घेऊन जातो. जेवणाच्या टेबलावर पाहुणे उठून जातात, पत्नी दुरावते. अकराव्या प्रकरणात तीच पत्नी समेटासाठी चौकात त्याला भेटते. त्याच क्षणी समोर त्या टॅक्सीवालीचे आणि तिच्या मैत्रिणीचे भांडण मारामारीवर येते. पत्नी बजावते की आता तू त्यांच्यात पडलास तर आपले संपले. डॉक्टर तरीही जातो. दुःखात असलेल्यांकडे पाठ फिरवता येत नाही, एवढेच त्याला कळते. इतरही भांडण सोडवायला धावतात. आणि तेव्हाच पांढरा प्रकाश सर्वांना व्यापून टाकतो. म्हातारा विक्रेता त्या मुलाला कवेत घेऊ पाहतो, आणि दोघांच्या आकृती विरून जातात.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला ज्यांनी लहानपणापासून ऐकला आहे, त्यांना या प्रसंगाचा अर्थ वेगळा सांगावा लागू नये. मूर यांनी कोणत्याही धर्माचा पुरस्कार करण्यासाठी तो लिहिलेला नाही, हे खरे. पण पुस्तकात ‘जगाला अर्थ नाही’ या रोर्शाकच्या विधानाला कोणी उत्तर दिले असेल, तर ते या दाढीवाल्या, पराभूत डॉक्टरने दिले आहे, आणि तेही शब्दांनी नव्हे, पाऊल उचलून. ‘लाखो मारून कोट्यवधी वाचवले’ या वाइटच्या हिशोबालाही उत्तर तेच. ज्यांची त्याने बेरीज-वजाबाकी केली, ते नेमके त्या घटकेला एकमेकांना वाचवू पाहत होते.

बाराव्या प्रकरणाच्या आरंभी गिबन्स सलग सहा पूर्णपृष्ठ चित्रे देतात. एरवी पानामागून पान नऊ लहान चौकटींत बांधणाऱ्या या चित्रकाराने येथे चौकट मोडली, ती मृतांसाठी. प्रेते रस्त्यावर, मोटारींत, दुकानांच्या दारांत पडलेली. त्यांतले काही चेहरे आपल्या ओळखीचे. चित्रपटगृहांत आलेल्या चित्रपटात हे काहीच नाही. लाँग तुरुंगातल्या मुलाखतीपुरता उरतो, त्याचे घर नाही, चौकातले ते भांडण नाही. विक्रेता आणि मुलगा काही क्षण दिसतात. विनाश म्हणजे निळसर प्रकाश आणि एक स्वच्छ खड्डा. आणि मौज पाहा, हाच चित्रपट गल्लीतल्या मारामारीत मोडलेले हाड कातडीबाहेर आलेले दाखवतो, तेही संथ गतीने. दुखापत दाखवायला तो लाजत नाही. शोक दाखवायला मात्र त्याच्यापाशी वेळ नाही.

आता रोर्शाकविषयी. तुरुंगातील भोजनगृहात एका कैद्याला उकळत्या तेलाने भाजल्यावर तो इतर कैद्यांना एक वाक्य ऐकवतो. तुमच्याबरोबर मी कोंडला गेलेलो नाही, उलट तुम्हीच माझ्याबरोबर कोंडले गेला आहात, असा त्याचा आशय. चित्रपटात हेली ते गर्जून म्हणतात, आणि चाहत्यांना हे दृश्य विलक्षण आवडले. पुस्तकात वाक्य तेच आहे, परंतु ते डॉक्टर लाँगच्या टिपणांतून, ऐकीव वृत्तान्त म्हणून येते, आणि ते लिहिणारा माणूस घाबरलेला आहे. शब्द राखून अर्थ कसा पालटतो, याचे याहून चोख उदाहरण आम्हांस सुचत नाही. रोर्शाक हा धडा म्हणून घडवला होता. पण लोक मला गाठून ‘मीच रोर्शाक’ असे अभिमानाने सांगतात आणि मला त्यांच्यापासून दूर पळावेसे वाटते, असे मूर यांनी चित्रपटाच्या आगेमागे सांगितले होते. तेव्हा दोष केवळ स्नायडर यांना देता येत नाही. वीस वर्षे कित्येक वाचकांनी पुस्तक जसे वाचले होते, तसेच त्यांनी ते चित्रित केले. चाहत्यांना आपलाच आरसा मिळाला, आणि त्यातील माकुलाएवढी रिकामी जागा तेवढी त्यांच्या नजरेला आली.

पुढची हकीगत थोडक्यात. पहिल्या तीन दिवसांत अमेरिकेत चित्रपटाने सुमारे साडेपाच कोटी डॉलर मिळवले. दुसऱ्या आठवड्याअखेरीस उत्पन्न सुमारे दोन तृतीयांशांनी घसरले. पटकथाकार डेव्हिड हेटर यांनी चाहत्यांना उघड पत्र लिहून पुन्हा चित्रपट पाहण्याची विनंती केली. अन्यथा असे धाडस कोणी करणार नाही, असा त्यांचा सूर होता. निष्ठेची ही तिकीटबारीवरची वसुली आम्हांस रुचली नाही, पण तिच्यामागची तळमळ खरी होती. पुढे १८६ मिनिटांची आणि त्यानंतर २१५ मिनिटांची आवृत्ती निघाली. मूळ चित्रपट १६२ मिनिटांचा. सर्वांत लांब आवृत्तीत चाच्यांची कथा परतली, तिच्याबरोबर वर्तमानपत्रवाला आणि मुलगाही. ज्यांना चौक हवा होता त्यांनी ती आवृत्ती जरूर पाहावी, मात्र सवडीने.

२०१९ साली डेमन लिंडलॉफ यांनी पुस्तकाच्या पुढची कथा सांगणारी दूरचित्रवाणी मालिका केली. तिने चित्रपटाचा शेवट बाजूला ठेवून पुस्तकाचा शेवट खरा मानला. तीत गौरवर्णीय वर्चस्ववाद्यांची एक टोळी रोर्शाकचा मुखवटा चढवते, यावर जुने चाहते खवळले. खवळण्याचे कारण आम्ही समजू शकतो, समर्थन करू शकत नाही. याच मालिकेच्या पाचव्या भागात नदीपलीकडच्या होबोकेनमधली १९८५ ची ती रात्र दिसते. धर्मप्रचारासाठी ओक्लाहोमाहून आलेला एक पोरसवदा तरुण जत्रेतल्या आरशांच्या दालनात फसवला जातो, त्याचे कपडेही जातात. मोठा आवाज होतो, काचा फुटतात. तो लाजत, रडत बाहेर येतो, तर सारी जत्रा मरून पडलेली. कॅमेरा त्याच्यापासून मागे सरकू लागतो, पाण्यावरून मॅनहॅटनकडे जातो, आणि दहा वर्षे ज्याच्यासाठी भांडण चालले होते ते माकूल अखेर पडद्यावर येते. पण तोवर आपण त्या मुलाशेजारी उभे राहून प्रेते पाहिलेली असतात.