बाल्कनी नेमकी कुणाची?

आता सान्या इवेकोविच यांची ‘त्रिकोण’ ही कृती पाहू. १० मे १९७९, झाग्रेब. टिटोंचा ताफा रस्त्यावरून जाणार. इवेकोविच घराच्या बाल्कनीत पुस्तक वाचतात, व्हिस्की पितात, हस्तमैथुनाचा अभिनय करतात. समोरच्या हॉटेलच्या गच्चीवर पहारेकरी, खाली पोलीस. हा झाला त्रिकोण. १८ मिनिटांत पोलीस दारात: बाल्कनी रिकामी करा!

याला ‘बंड’ म्हटलं की आपण मोकळे. पण तेवढ्यानं भागत नाही. इतर समाजवादी देशांच्या मानानं युगोस्लाव्हियात प्रयोगशील कलेला मोकळीक होती. म्हणूनच तर मर्यादा कुठे आहे, ते दिसत नव्हतं. इवेकोविच यांनी ती रेषा पोलिसाकडूनच आखून घेतली. म्हणजे पाळत ठेवणाऱ्यानंच कलाकृती पुरी केली. आणि बाईचं खाजगीपण? ते सत्तेच्या नजरेपुढे १८ मिनिटंच टिकलं, हे आपण विसरू नये.