समुद्र कोणाचा, ‘आपण’ कोण?

समुद्राविषयीचे शास्त्र लोकांपर्यंत पोचवायचे कसे, हा प्रश्न आज शास्त्रज्ञ, पर्यावरणवादी आणि सरकारी खाती असे सगळेच विचारू लागले आहेत. समुद्र तापतो आहे, मासळी घटते आहे, माशांच्या पोटात प्लॅस्टिक सापडते आहे. आणि लोकांना मात्र त्याचे काही वाटत नाही, अशी तक्रार केली जाते. या तक्रारीवरचा उपायही ठरलेला आहे. शास्त्र सोपे करा, चित्रे सुंदर काढा, लोकांच्या मनात समुद्राविषयी प्रेम जागे करा, म्हणजे समुद्र वाचेल. या उपायात एक गृहीत लपलेले आहे. जाणणारा वर बसलेला आहे, अजाण लोक खाली आहेत, आणि ज्ञान वरून खाली झिरपायचे आहे. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ज्ञानाच्या उंबऱ्याबाहेर उभे केले गेले, त्यांना ही रचना ओळखीची वाटल्यावाचून राहणार नाही. म्हणूनच हा प्रश्न केवळ प्रचारतंत्राचा मानून चालणार नाही. तो साहित्याचा आहे, आणि साहित्याचा आहे म्हणून सत्तेचाही आहे.

दोन पुस्तके समोर ठेवून त्याचा विचार करता येईल. दोन्ही स्त्रियांनी लिहिलेली आहेत आणि दोन्हींच्या नावांत ‘आपण’ आहे.

पहिले पुस्तक रेचेल कार्सन यांचे. त्याच्या नावाचा अर्थ ‘आपल्या भोवतीचा समुद्र’ असा होतो. ते अमेरिकेत 1951 साली निघाले, 86 आठवडे सर्वाधिक खपाच्या यादीत राहिले, आणि 1952 साली त्याला तिथला राष्ट्रीय ग्रंथ पुरस्कार मिळाला. कार्सन या सागरी जीवशास्त्रज्ञ होत्या आणि सरकारी मत्स्य खात्यात काम करीत होत्या. भरतीओहोटी, प्रवाह, तळाचा गाळ, बेटांचा जन्म आणि मृत्यू हे सारे त्यांनी अशा भाषेत मांडले की प्रयोगशाळेतले ज्ञान घरोघरी गेले. ही कामगिरी थोर आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. पुढे 1961 साली नवी आवृत्ती निघाली तेव्हा त्यांनी प्रस्तावनेत किरणोत्सारी कचरा समुद्रात टाकण्याविरुद्ध इशारा दिला. समुद्र अफाट आहे, माणूस त्याचे काही बिघडवू शकणार नाही, ही समजूत भोळी होती असे त्यांनी स्पष्ट सांगितले. असा प्रामाणिकपणा फार थोड्या शास्त्रज्ञांत आढळतो.

परंतु या पुस्तकातला ‘आपण’ कोण आहे? तो सबंध मानवजात आहे. समुद्रासमोर उभा असलेला, त्याच्या भव्यतेने थक्क झालेला, एकसंध मानव. या मानवाला वर्ग नाही, वर्ण नाही, वंश नाही. समुद्रात कचरा टाकणारा आणि त्याच पाण्यातली मासळी खाऊन मरणारा, हे दोघेही या एकाच ‘आपण’मध्ये सामावलेले आहेत. सुंदर पुस्तकातली ही उणीव लहान नाही. ‘मानवाने समुद्र नासवला’ असे वाक्य लिहिले की कारखान्याचा मालक त्या वाक्याच्या आड सुखाने उभा राहू शकतो.

दुसरे पुस्तक जपानचे आहे. इशिमुरे मिचिको यांचे ‘कुगाई जोदो’ 1969 साली प्रसिद्ध झाले. त्याचे उपशीर्षक ‘आपला मिनामाता आजार’ अशा अर्थाचे आहे. हा ‘आपला’ समजून घेण्यासाठी मिनामाताची हकीकत थोडक्यात सांगितली पाहिजे.

दक्षिण जपानमध्ये शिरानुई समुद्राच्या काठी मिनामाता नावाचे गाव आहे. तेथे चिस्सो कंपनीचा रासायनिक कारखाना होता. ॲसिटाल्डिहाइड तयार करण्यासाठी तेथे पारा वापरीत. त्या प्रक्रियेत मिथिल पारा हे विष तयार होई आणि सांडपाण्याबरोबर ते खाडीत जाई. पाण्यातून ते सूक्ष्म जीवांत, त्यांतून शिंपल्यांत आणि माशांत, आणि प्रत्येक पायरीवर अधिक साठत शेवटी माणसाच्या मेंदूत पोचे. प्रथम मांजरे वेडीवाकडी नाचू लागली आणि मेली. मग माणसांचे हातपाय थरथरू लागले, जीभ अडखळू लागली, नजर आकुंचित झाली. 1 मे 1956 रोजी कारखान्याच्याच दवाखान्याचे प्रमुख डॉ. होसोकावा हाजिमे यांनी या अज्ञात आजाराची खबर आरोग्य केंद्राला दिली. सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त बळी पडले ते मच्छीमार. कारण उघड आहे. ज्याच्या घरात तांदूळ थोडा, त्याच्या ताटात मासळी जास्त.

आता शास्त्र लोकांपर्यंत कसे पोचले ते पाहा. कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी जुलै 1959 मध्ये सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखवले. त्याच वर्षी डॉ. होसोकावांनी कारखान्याचे सांडपाणी एका मांजराला खाऊ घातले आणि ऑक्टोबरमध्ये त्या मांजराला तोच आजार झाला. कंपनीने हा प्रयोग दाबून टाकला. दुसऱ्या बाजूने युद्धकाळात समुद्रात टाकलेला दारूगोळा, कुजलेल्या मासळीतली द्रव्ये अशी कारणे विद्वानांच्या सहीशिक्क्याने पुढे करण्यात आली. डिसेंबर 1959 मध्ये सांडपाणी शुद्ध करणारे यंत्र बसले. कंपनीच्या अध्यक्षांनी त्या यंत्रातले म्हणून सांगितलेले पाणी पेलाभर पिऊन दाखवले. प्रत्यक्षात ॲसिटाल्डिहाइड विभागाचे सांडपाणी त्या यंत्रातून जातच नव्हते! पुढच्या काही दिवसांतच पीडितांशी ‘सांत्वन रक्कम’ देण्याचा करार झाला. मृताच्या वारसांना 3 लाख येन. आणि अट अशी की उद्या दोष कारखान्याचा ठरला तरी आणखी भरपाई मागायची नाही. हा आजार कंपनीच्या सांडपाण्याने झाला हे सरकारने मान्य केले ते सप्टेंबर 1968 मध्ये, ॲसिटाल्डिहाइडचे उत्पादन बंद झाल्यावर. मधल्या वर्षांत विष वाहतच होते.

येथे अडचण भाषा कठीण असण्याची होती काय? पेलाभर पाणी पिऊन दाखवणे याहून सोपी, याहून सर्वांना समजणारी भाषा कोणती असेल? शास्त्राचे सुलभीकरण येथे पुरेपूर झाले होते. ते खोट्याच्या बाजूने झाले होते.

आणि ज्यांना खरे माहीत होते त्यांना जाणते मानले जात नव्हते. डॉ. हारादा मासाझुमी हे तरुण डॉक्टर म्हणून 1961 च्या सुमारास या वस्त्यांत फिरत होते. एका घरात दोन आजारी भाऊ त्यांना दिसले. लक्षणे सारखी होती. आईने सांगितले, थोरल्याला मिनामाता आजार आहे, धाकट्याला मात्र डॉक्टर जन्मजात मेंदूचे दुसरे दुखणे म्हणतात, कारण त्याने मासळी खाल्लेलीच नाही. पण तिचे स्वतःचे मत वेगळे होते: मासळी मी खाल्ली, माझ्यातले विष पोटातल्या बाळाने घेतले. त्या काळचे वैद्यकशास्त्र म्हणत होते की वार गर्भाचे विषापासून रक्षण करते. शास्त्र चुकत होते आणि आई बरोबर होती. 1962 साली जन्मजात मिनामाता आजार अधिकृतपणे मान्य झाला. हारादांचे मोठेपण असे की त्यांनी त्या आईचे ऐकले आणि ती आधी बोलली होती हे पुढे आयुष्यभर सांगितले. शास्त्र लोकांपर्यंत नेण्याच्या गोष्टी करणाऱ्यांनी, लोकांचे शास्त्र शास्त्रज्ञापर्यंत कसे पोचते हेही कधी तपासावे.

इशिमुरेंच्या पुस्तकाचे बळ नेमके येथे आहे. त्यात वैद्यकीय अहवाल आहेत, करारातली कलमे आहेत, आणि त्यांच्या शेजारीच कोळणीची बोली आहे. अहवालाला त्या खोटे म्हणत नाहीत. तो जसाच्या तसा ठेवतात. अहवाल हातापायांच्या कंपाची नोंद करतो. लगेच पुढे रुग्णशय्येवरची युकी बोलू लागते. नवऱ्याबरोबर वल्हवलेली होडी, आठपायी म्हाकुळ पकडण्याची मौज, समुद्रतळाचे रंग. त्या दोन भाषा समोरासमोर आल्या की वाचकाला कळते की कंप पावणारे हात हे वल्हे मारणारे हात होते. विषाचे मोजमाप शास्त्राने केले. काय नष्ट झाले त्याचे मोजमाप बोलीने केले.

येथे आपल्या साहित्यचळवळीला परिचित असा प्रश्न उभा राहतो. इशिमुरे स्वतः रुग्ण नव्हत्या. त्या मिनामातातल्या गृहिणी होत्या, पाथरवटाच्या घरात वाढलेल्या. युकीचे बोलणे हे ध्वनिमुद्रण नाही. या माणसांच्या मनातले लिहायला गेले की ते असेच उमटते, अशा आशयाचा खुलासा त्यांनी स्वतः केला होता. मग हे स्वानुभवाचे साहित्य की सहानुभूतीचे? दलित समीक्षेने हा प्रश्न कठोरपणे विचारला आहे आणि तो विचारलाच पाहिजे, कारण आपल्या वतीने बोलणाऱ्यांनी आपला आवाज किती वेळा चोरला हे आपण जाणतो. माझ्या मते येथे कसोटी लेखकाच्या कृतीत शोधावी लागते. इशिमुरेंनी 1970 साली या पुस्तकाला मिळालेला मोठा पुरस्कार नाकारला. पीडित मंडळी यात्रेकरूंचे पांढरे वेष घालून ओसाकात कंपनीच्या भागधारकांच्या सभेत शिरली तेव्हा त्या त्यांच्याबरोबर होत्या. ‘आपला आजार’ म्हणण्याचा हक्क त्यांनी असा कमावला. तरीही युकीचे शब्द युकीचे नाहीत, हे वाचकाने विसरू नये.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ‘कुगाई’ म्हणजे दुःखाचा समुद्र आणि ‘जोदो’ म्हणजे शुद्ध भूमी, अमिताभ बुद्धाची सुखावती. बौद्ध वाचकाला हे नाव भिडणारे आहे. परंतु कारखान्याआधीचा मच्छीमारांचा गाव इशिमुरे पुष्कळदा त्या सुखावतीच्या उजेडात पाहतात. त्या गावात जाळ्यांचे मालक होते आणि त्यांच्या हाताखाली राबणारे होते. तो उजेड या दरीवर फारसा पडत नाही. आजार संसर्गजन्य आहे या भीतीने दुकानदार पीडितांचे पैसे हाताने न घेता काड्यांनी उचलीत. ही शिवाशिव कारखान्याने पाठवली नव्हती, ती गावानेच पाळली. भारतीय गावाच्या गौरवगाथेला बाबासाहेबांनी 1948 साली घटना समितीत जे उत्तर दिले ते ज्याच्या रक्तात आहे, तो हरवलेल्या सुंदर गावाच्या आठवणीवर सहजासहजी विश्वास ठेवणार नाही. समुद्र वाचवायचा तो जुन्या गावाकडे परत जाण्यासाठी नव्हे.

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक पीळ आहे. येथल्या शास्त्रकारांनी समुद्रगमन निषिद्ध ठरवले. समुद्र ज्यांनी ओलांडला, उपसला, ज्याच्यावर पोट भरले, ते ज्ञानाच्या व्यवहाराबाहेर राहिले. त्यामुळे उधाण आणि भांग, वारा आणि गाळ, कोणती मासळी कधी कोठे येते, हे कोळ्याचे ज्ञान ‘धंदा’ म्हणून हिणवले गेले. आज पावसाळ्यातील मासेमारीबंदीचे फलक लावणारे त्याला विज्ञान शिकवायला जातात. नारळी पौर्णिमेपर्यंत होडी न लोटण्याची त्याची रीत त्याहून जुनी आहे, हे फलकावर लिहिलेले नसते.

मिनामाताच्या खटल्याचा निकाल 20 मार्च 1973 रोजी लागला. न्यायालयाने कंपनीला दोषी ठरवले आणि 1959 चा तो करार नीतीविरुद्ध म्हणून रद्द केला. महाडच्या तळ्यावर 20 मार्च 1927 रोजी जे घडले ते वाचकांना सांगायला नको. तारखांचा मेळ योगायोगाचा आहे, प्रश्नाचा मेळ योगायोगाचा नाही. पाणी कोणाचे आणि त्याविषयी बोलण्याचा अधिकार कोणाचा, हाच तो प्रश्न.

तो मिटलेला नाही. पाऱ्यावरचा आंतरराष्ट्रीय करार मिनामाताच्या नावाने 2017 पासून अमलात आहे. आणि 1 मे 2024 रोजी, त्याच मिनामातात, पीडितांच्या संघटना जपानच्या पर्यावरणमंत्र्यांसमोर बोलत असताना, प्रत्येकी तीन मिनिटे संपली म्हणून अधिकाऱ्यांनी ध्वनिक्षेपक बंद केला. मंत्र्यांना पुढे माफी मागावी लागली. बाबासाहेबांनी 1920 साली आपल्या पत्राला ‘मूकनायक’ हे नाव दिले, तेव्हा माणसे मुकी जन्मत नाहीत, मुकी केली जातात, हे त्यामागचे सत्य होते. समुद्राविषयी लोकांशी बोलू इच्छिणाऱ्या प्रत्येक पुस्तकाला, चित्रपटाला आणि फलकाला आता एकच प्रश्न विचारावा: तुमच्या ‘आपण’मध्ये ती मासळी खाणारी आई आहे काय, आणि तिच्या हातातला ध्वनिक्षेपक चालू आहे काय?