मंजूर झाले, पण मिळाले केव्हा?

शाळेला अनुदान मंजूर झाल्याचे पत्र येणे आणि ते अनुदान प्रत्यक्ष खात्यात जमा होणे, या दोन घटनांमध्ये किती अंतर असते हे शिक्षकांना कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. पैसे मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात येतात. ३१ मार्चपूर्वी ते खर्च करून उपयोगिता प्रमाणपत्र द्यावयाचे असते. मग हवे असलेले सूक्ष्मदर्शक राहून जाते आणि बाजारात जे हाताशी असेल ते घेतले जाते. शाळेच्या बाबतीत यामुळे फार तर एखादे वर्ष वाया जाते. साथीच्या काळात संशोधनाच्या पैशाचे असेच झाले तर काय होते, याचे उदाहरण आपल्या वऱ्हाडातच घडले आहे. कोविडच्या साथीत संशोधनासाठी पैसा कसा उभा राहिला आणि तो कोठे अडला, याची चिकित्सा येथे करावयाची आहे.

योजनांना तोटा नव्हता

संशोधनाला पैसाच नव्हता, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. २०२० च्या मार्चपासूनच केंद्राच्या विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाने कोविडसंबंधी प्रस्ताव मागवावयास सुरुवात केली. जैवतंत्रज्ञान विभागाच्या अखत्यारीतील ‘बायरॅक’ या संस्थेने लस, निदान व औषधे यांसाठी प्रस्ताव मागवले. नव्या उद्योगांसाठी ‘कवच’ नावाची योजना निघाली व तिचे काम मुंबईच्या आयआयटीतील केंद्राकडे आले. नोव्हेंबर २०२० मध्ये लसींच्या विकासासाठी ‘मिशन कोविड सुरक्षा’ ही ९०० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली.

या बहुतेक योजनांत एक गोष्ट समान होती. प्रस्ताव थोड्या दिवसांत द्यावयाचा, आणि काम काही महिन्यांत दाखवावयाचे. साथीत घाई असणारच. पण अशा घाईत प्रस्ताव कोण देऊ शकतो? ज्याच्याकडे यंत्र, प्रशिक्षित माणसे आणि कागदपत्रे सांभाळणारे कार्यालय आधीपासूनच आहे, तोच. म्हणजे साथीत जाहीर होणाऱ्या अनुदानाचा उपयोग किती होईल, हे साथीपूर्वीच्या दहा वर्षांत ठरून गेलेले असते.

वऱ्हाडात काय घडले

साथीच्या पहिल्या आठवड्यांत अमरावती आणि अकोल्याचे नमुने तपासणीसाठी नागपूरकडे पाठवावे लागत. अमरावतीहून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर, तर अकोल्याहून अडीचशे. नमुना जाऊन अहवाल परत येईपर्यंत रुग्णाच्या घरचे व शेजारचे लोक टांगणीला लागत. २०२० च्या उन्हाळ्यात ही स्थिती बदलली. अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात तपासणी सुरू झाली आणि अमरावतीत संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाची प्रयोगशाळा या कामाला लागली.

देशाच्या पातळीवरही ही बाजू उजवी ठरली. साथीच्या आरंभी पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था ही एकच प्रयोगशाळा ही तपासणी करत होती. जून २०२० अखेर मान्यताप्राप्त प्रयोगशाळांची संख्या हजारावर गेली. विद्यापीठांचे विभाग, वैद्यकीय महाविद्यालये, खासगी संस्था अशा सर्वांना या कामात सामावून घेतले गेले. येथे धोरण बरोबर होते, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

पुढे २०२१ चा फेब्रुवारी उजाडला. बाकीच्या देशात साथ ओसरल्यासारखी वाटत असताना अमरावती आणि अकोल्यात रुग्ण झपाट्याने वाढू लागले. २२ फेब्रुवारीपासून अमरावती व अचलपूर शहरांत पुन्हा टाळेबंदी आली. अकोला जिल्ह्यातही निर्बंध लागले. आता प्रश्न होता तो एवढाच की, ही वाढ लोकांच्या हलगर्जीपणाची की बदललेल्या विषाणूची?

हजेरी आणि उत्तरपत्रिका

या प्रश्नाचे उत्तर नेहमीच्या आरटीपीसीआर तपासणीतून मिळत नाही. ती तपासणी विषाणूच्या जनुकीय साखळीतील दोनतीन ठरावीक तुकडे शोधते व विषाणू आहे की नाही एवढेच सांगते. हजेरीपटावरून मुलगा परीक्षेला बसला होता हे कळते. त्याने काय लिहिले हे कळण्यासाठी उत्तरपत्रिकाच वाचावी लागते. विषाणूची उत्तरपत्रिका वाचणे म्हणजे त्याच्या जनुकीय साखळीतील सुमारे तीस हजार अक्षरे क्रमाने वाचणे. यालाच जनुकीय क्रमनिर्धारण म्हणतात.

या वाचनातून जे बदल दिसतात ते संक्षेपाने लिहिले जातात. उदाहरणार्थ, ‘ई ४८४ क्यू’ याचा अर्थ असा की, विषाणूच्या काटेरी प्रथिनात ४८४ व्या जागी ग्लुटामिक आम्ल होते, तेथे आता ग्लुटामिन आले आहे. ‘एल ४५२ आर’ म्हणजे ४५२ व्या जागी ल्युसिनऐवजी आर्जिनिन. हे दोन्ही बदल एकत्र असलेला विषाणू महाराष्ट्रातील नमुन्यांत वाढत असल्याचे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २४ मार्च २०२१ रोजी जाहीर केले. याच घराण्यातील एका शाखेला मे अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेने ‘डेल्टा’ हे नाव दिले. या घराण्यातील विषाणूचा सर्वांत जुना नमुना ऑक्टोबर २०२० मधील, महाराष्ट्रातीलच आहे. म्हणजे ऑक्टोबरपासून तो येथे होता, आणि लोकांपर्यंत त्याची वार्ता पोहोचली ती मार्चच्या अखेरीस.

पैसा कोठे अडला?

क्रमनिर्धारणासाठी केंद्राने डिसेंबर २०२० च्या अखेरीस दहा प्रयोगशाळांचा एक संघ स्थापन केला. ‘इन्साकॉग’ हे त्याचे संक्षिप्त नाव. राज्यांतील बाधित नमुन्यांपैकी पाच टक्के नमुन्यांचे वाचन करावयाचे, असे उद्दिष्ट ठरले. सहा महिन्यांसाठी सुमारे ११५ कोटी रुपये खर्च अपेक्षित होता. योजना कागदावर चांगली होती. तिच्यातील उणिवा मात्र तीन ठिकाणी दिसतात.

पहिली उणीव पैशाच्या स्रोताची. त्या वेळी प्रसिद्ध झालेल्या वृत्तांनुसार, या कामासाठी आरंभी वेगळा पैसा दिला गेला नाही. तो संबंधित विभागाने आपल्याच चालू अंदाजपत्रकातून काढावा, असे ठरले. स्वतंत्र निधी मिळाला तो ३१ मार्च २०२१ रोजी, आणि तोही ११५ कोटींऐवजी ८० कोटी. ज्या तीन महिन्यांत अमरावती-अकोल्यात नव्या विषाणूने पाय रोवले, ते तीन महिने नेमके यातच गेले. लसीच्या ९०० कोटींच्या योजनेशी ही गोष्ट ताडून पाहावी. लसीची कुपी हातात धरून दाखवता येते. पाळत ठेवण्याचे काम नीट झाले तर दाखवण्यासारखे काहीच उरत नाही. म्हणून अशा कामाचा पैसा नेहमी मागे पडतो.

दुसरी उणीव खरेदीच्या नियमांची. मे २०२० मध्ये केंद्राने २०० कोटी रुपयांपर्यंतच्या सरकारी खरेदीसाठी जागतिक निविदा काढण्यास मनाई केली. देशी उद्योगाला बळ मिळावे हा हेतू योग्यच होता. परंतु क्रमनिर्धारणाची यंत्रे व त्यांना लागणारी रसायने प्रामुख्याने परदेशी कंपन्यांचीच होती. देशी रसायन तयार होण्यास काही वर्षे लागतात, विषाणूला पसरण्यास काही आठवडे. ही अडचण शास्त्रज्ञांनी त्या वेळी जाहीरपणे मांडली होती. पुढे या साहित्याला सवलत मिळाली, पण तोवर बहुमोल महिने गेले होते.

तिसरी उणीव दृष्टीची. ब्रिटनमध्ये नवा प्रकार आढळल्यानंतर हा संघ स्थापन झाला. त्यामुळे आरंभीचा भर परदेशांतून आलेल्या प्रवाशांवर आणि परदेशी प्रकारांवर राहिला. २४ मार्चच्या त्या निवेदनात ठळकपणे दिलेली संख्या ७७१ होती, आणि ते सर्व नमुने ब्रिटन, दक्षिण आफ्रिका व ब्राझील येथील प्रकारांचे होते. चोर परगावाहून येणार अशा समजुतीने वेशीवर पहारा बसवला, आणि तो गावातच वाढला. शिवाय पहिल्या दहा प्रयोगशाळांपैकी विदर्भात एकही नव्हती. महाराष्ट्रातील दोन्ही पुण्यात, म्हणजे अमरावतीपासून पाचशे किलोमीटरांहून अधिक अंतरावर. पुढे २०२१ मध्येच प्रयोगशाळांची संख्या २८ झाली. पण जी वाढ तपासणीच्या बाबतीत काही आठवड्यांत साधली होती, ती येथे लाट येऊन गेल्यावर झाली.

वर्गात करण्याजोगे एक गणित

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांकडून पुढील गणित अवश्य करून घ्यावे. १ जानेवारी २०२१ रोजी देशातील एकूण बाधितांची संख्या सुमारे १ कोटी ३ लाख होती, २४ मार्च रोजी सुमारे १ कोटी १७ लाख. म्हणजे या काळात सुमारे १४ लाख नवे रुग्ण. त्यांचे पाच टक्के म्हणजे ७० हजार नमुने. २४ मार्चपर्यंत राज्यांकडून या संघाकडे आलेल्या व तपासलेल्या नमुन्यांचा आकडा होता १०,७८७. यात प्रवाशांचे नमुनेही आहेत असे धरून, उद्दिष्टाच्या किती टक्के काम झाले? उत्तर पंधरा टक्क्यांच्या आसपास येते. नमुन्यांची संख्या घटली की नवा प्रकार किती उशिरा दिसेल, ही संभाव्यतेवरील चर्चा यानंतर सहज घेता येईल.

इतरांनी काय केले?

ब्रिटनने २३ मार्च २०२० रोजीच, म्हणजे साथीच्या आरंभी, क्रमनिर्धारणासाठी दोन कोटी पौंड देत असल्याचे जाहीर केले. वर्षअखेरीपर्यंत त्यांनी एक लाखाहून अधिक विषाणूंचे वाचन केले. आपल्याच देशात उपजलेला ‘अल्फा’ प्रकार त्यांना ओळखता आला तो यामुळे. अमेरिकेत काही खासगी देणगीदारांनी एप्रिल २०२० मध्ये ‘फास्ट ग्रँट्स’ हा उपक्रम सुरू केला. अर्ज अर्ध्या तासात भरता यावा व निर्णय ४८ तासांत व्हावा, अशी त्याची रचना होती. थुंकीवरून निदान करण्याची येल विद्यापीठातील पद्धत त्याच पैशाच्या मदतीने पुढे आली.

अर्थात केवळ वेग म्हणजे यश नव्हे. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवर जगभर असंख्य छोट्या चाचण्या झाल्या. त्यांतील बहुतेक इतक्या लहान होत्या की त्यांतून निष्कर्ष निघेना. ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ या एकाच मोठ्या, सुसूत्र चाचणीने जून २०२० मध्ये त्या औषधाचा उपयोग नाही आणि डेक्सामेथासोनचा आहे, अशा दोन्ही गोष्टी सांगितल्या. आणि ब्रिटनने विषाणू वाचला म्हणून तेथे माणसे दगावली नाहीत, असेही झाले नाही. विज्ञान सावध करते, त्यावर कृती करणे हे शासनाचे व समाजाचे काम आहे. वऱ्हाडातील नमुने वेळेवर वाचले गेले असते तर दुसरी लाट टळलीच असती, असा दावा येथे करावयाचा नाही. तयारीला काही आठवडे अधिक मिळाले असते, एवढे मात्र म्हणता येते. प्राणवायू आणि खाटा यांसाठी ज्यांनी एप्रिलमध्ये धावपळ केली, त्यांना काही आठवडे म्हणजे काय हे सांगावे लागणार नाही.

आपल्याकडेही कल्पकता कमी नव्हती. नागपूरच्या ‘नीरी’ने मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करून नमुना घेण्याची सोपी पद्धत विकसित केली. खेड्यापाड्यांना ती फारच सोयीची. तिला मान्यता मिळाली मे २०२१ च्या अखेरीस, दुसऱ्या लाटेचा कळस होऊन गेल्यावर.

पुढे काय?

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा हाफकिन यांना ग्रँट मेडिकल कॉलेजात अगदी तुटपुंजी जागा आणि चारदोन मदतनीस मिळाले. तेथे काही महिन्यांत लस तयार झाली व जानेवारी १८९७ मध्ये त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. परंतु त्या कथेचा पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. १८९९ मध्ये परळला त्यांची प्रयोगशाळा कायमची उभी राहिली, आणि तीच आजची हाफकिन संस्था. साथ गेल्यावरही जे उरले, ते पुढच्या पिढ्यांच्या उपयोगी पडले.

हाच धडा वऱ्हाडाला लागू पडतो. अमरावतीत विद्यापीठ आहे, अकोल्यात कृषी विद्यापीठ, पशुवैद्यकाची पदव्युत्तर संस्था आणि वैद्यकीय महाविद्यालय आहे. २०१७ मध्ये कपाशीवर गुलाबी बोंडअळीने घाला घातला, २०२२ मध्ये गुराढोरांत लम्पी त्वचारोग पसरला. अशा प्रश्नांवर साध्या दिवसांत काम करणारी क्रमनिर्धारणाची सोय येथे असली, तर साथीच्या दिवसांत तीच माणसांच्या कामी येईल. त्यासाठी पैसा साथ आल्यावर मागून चालणार नाही. राखीव निधी आधीच बाजूला ठेवलेला असावा, ठरावीक लक्षणे दिसताच नवी फाइल न फिरवता तो मोकळा व्हावा, खरेदीची यादी आधीच मंजूर असावी आणि हिशेबतपासणी कडक असली तरी ती कामानंतर व्हावी. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झाले आहे. पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये उभारण्याचा संकल्प आहे व त्यांतील ३६,००० कोटी शासनाबाहेरून यावयाचे आहेत. राज्य विद्यापीठांना मोठ्या संस्थांशी जोडून घेण्याची योजनाही तिने आखली आहे. त्यांतील किती पैसा बडनेरा आणि मूर्तिजापूर ओलांडून येथवर पोहोचतो, हे पाहावे लागेल.

पुढील वेळी संशोधनासाठी अमुक कोटी जाहीर झाल्याची बातमी आली की विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारावयास शिकवावे. हा पैसा नवा आहे की जुन्याच कामातून काढलेला? तो प्रयोगशाळेच्या खात्यात कोणत्या तारखेला जमा होणार? आणि ती प्रयोगशाळा आपल्या गावापासून किती किलोमीटरांवर आहे?