संघटनेची कड : मालवणची रापण आणि फ्रेंच तत्त्वचिंतन

संघटनाशास्त्रात फ्रेंच तत्त्वचिंतनाचा शिरकाव झाला तो मुख्यतः इंग्लंडातील अभ्यासकांच्या द्वारे. रॉबर्ट कूपर व गिब्सन बरेल यांनी १९८८ पासून ‘ऑर्गनायझेशन स्टडीज’ या नियतकालिकात फूको, देरिदा यांच्यावर जे लेख लिहिले, त्यांनी ‘संघटना ही एक सिद्ध वस्तू आहे’ या गृहीतालाच हात घातला. कूपर यांचे म्हणणे थोडक्यात असे की, आत आणि बाहेर यांमधील रेषा आधी आखली जाते; रेषेच्या आत जे सापडते त्याला आपण मागाहून संघटना म्हणतो.

हा विचार आपल्या भूमीवर पारखावयाचा तर मालवण किनाऱ्यावरील रापणीइतके उचित उदाहरण क्वचितच सापडेल. दोराचे एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी जाळे सोडीत अर्धवर्तुळाकार फिरते व दुसरे टोक घेऊन परतते. मग दोन्ही बाजूंनी माणसे दोर ओढतात. मासळीचे वाटे वाळूतच पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, अंगमेहनतीचा वाटा हे ठरलेले असतात. पण आयत्या वेळी येऊन दोराला हात लावणाराही कालवणापुरती मासळी घेऊन जातो. मग या संघटनेचे सभासद किती?

येथे एक मोह टाळावयास हवा. दल्यूझ व ग्वातारी यांनी १९८० मध्ये मांडलेली, हळदीच्या गड्ड्याप्रमाणे कोठूनही फुटणाऱ्या, मुख्य खोड नसलेल्या रचनेची कल्पना रापणीला चिकटविणे फार सोपे आहे. परंतु त्याने रापणीविषयी काहीच नवे कळत नाही. उलट जाळ्याचे मालक आणि नुसते ओढणारे यांच्यातील अंतर झाकले जाते. उपमा शोभिवंत असली तरी तिच्याकडून पुराव्याचे काम होत नाही.

फूको मात्र येथे खरोखरीच उपयोगी पडतो. महाराष्ट्राच्या १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याची मुख्य भाषा नौका, तिची नोंदणी व परवाना यांची आहे. राज्यसंस्थेला जे मोजता येते तेच तिला दिसते, हा त्याच्या विचारातून काढता येणारा निष्कर्ष या कायद्याला चपखल लागू पडतो. यांत्रिक पर्ससीन नौका कागदावर ठसठशीत उमटते; दोराला टेकलेले हात उमटत नाहीत. १९८७ मध्ये मालवणचे २९.१२ चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य घोषित झाले, तेव्हाही रेषा कोठे आखावी हा वाद मच्छीमारांच्या पोटाशी निगडित होता. तेथे कूपर यांची रेषा नकाशावरच उतरली.

तथापि फूकोलाही मर्यादा आहे. सत्ता सर्वत्र झिरपलेली आहे एवढेच म्हणून थांबल्यास रापणीतील जाणता व पर्ससीनचा धनी हे एकाच पंक्तीला बसतात. दोघांच्या हाती सत्ता आहेच. पण एकाचा निर्णय दोर ओढणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत होतो, दुसऱ्याचा त्यांच्या दृष्टीआड, खोल पाण्यात. हा भेद तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांतून हाती येणार नाही. त्यासाठी वाट्यांचा हिशेबच तपासावा लागेल. आणि तो तपासताना पहिली अडचण येईल ती त्या आयत्या वेळच्या माणसाची. त्याला मिळालेली मासळी मजुरी म्हणावी, वाटा म्हणावा, की दान? सहकारी संस्थेच्या सभासद-नोंदवहीत या तिहींपैकी कशालाच रकाना नाही.