‘ख्रिस्त’ : नाम आणि पदनाम

वसई तालुक्यातील नंदाखाल हे गाव मराठी बायबलच्या अभ्यासकास अपरिचित नाही. ‘सुबोध बायबल’चे अनुवादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो (मृत्यू २०२४) ह्यांचे ते जन्मगाव होय. ह्या अनुवादास २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद-पुरस्कार लाभला. तत्पूर्वी दिब्रिटो ह्यांनी दीर्घकाळ वसईच्या ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन केले होते. ह्या मासिकाच्या नावापासूनच एका प्रश्नाचा आरंभ करता येतो. ग्रीक ‘एउआंगेलिऑन’ ह्या शब्दाचे ‘चांगले’ आणि ‘वार्ता’ असे दोन घटक आहेत. ‘सुवार्ता’ हा त्याचा घटकशः केलेला अनुवाद. ‘शुभवर्तमान’ हा जुना प्रतिशब्दही त्याच रीतीने सिद्ध झालेला आहे. परंतु ही वार्ता ज्याच्याविषयीची आहे, त्याचे मुख्य पदनाम जे ‘ख्रिस्तोस’, ते मराठीत अनुवादावाचून, केवळ ध्वनिरूपाने आले. वार्तेचे भाषांतर झाले, वार्ताविषयाचे राहिले. ह्यामुळे मराठी वाचकाच्या अर्थबोधात कोणता फरक पडला, हे येथे पाहावयाचे आहे.

हिब्रू ‘माशीअह’ हा शब्द ‘म-श-ह’ ह्या धातूपासून झालेला असून ‘चोपडणे, माखणे’ हा त्या धातूचा मूळ अर्थ होय. ढालीस तेल लावणे (यशया २१:५), पोळीस तेल लावणे (लेवीय २:४), भिंतीस रंग देणे (यिर्मया २२:१४) अशा नित्याच्या क्रियांसाठीही तो योजिलेला आढळतो. त्यापासून सिद्ध झालेले ‘माशीअह’ हे रूप मात्र ज्याला तेल लावून अधिकारपदावर नेमले अशा पुरुषाचे वाचक झाले. लेवीय ४:३ मध्ये ते याजकाचे विशेषण आहे. दावीद ते शौल राजाविषयी वापरतो (१ शमुवेल २४:६). आणि यशया ४५:१ मध्ये तर ते इराणच्या कोरेश ह्या परकीय सम्राटास लाविलेले आहे. यहुदी विद्वानांनी केलेल्या प्राचीन ग्रीक अनुवादात ह्या स्थळी ‘ख्रिस्तोस’ हाच शब्द आढळतो. अर्थात जुन्या करारात हे पद अनेकांचे होते. एकाच भावी पुरुषास ते राखून ठेवण्याची कल्पना पुढे दृढ झाली.

नव्या करारात ह्या शब्दाची दोन कार्ये दिसतात. पौलाच्या पत्रांत ‘येशू ख्रिस्त’ अशी जोडी वारंवार येते व तेथे ‘ख्रिस्त’ हा शब्द बव्हंशी विशेषनामासारखा वावरतो. परंतु जेथे तो वाक्यात विधेयस्थानी येतो, तेथे त्याचे पदनामत्व शाबूत असते. पेत्राचे उत्तर (मार्क ८:२९) आणि प्रमुख याजकाचा प्रश्न (मार्क १४:६१) ही ह्याची ठळक उदाहरणे. ‘ख्रिस्त’ हे केवळ नाव मानल्यास याजकाचा प्रश्न नुसत्या ओळखीचा ठरतो, आणि अशा प्रश्नाच्या उत्तरावरून कोणास मरणदंडास पात्र का ठरवावे, हे कळेनासे होते. प्रेषितांची कृत्ये २:३६ मध्ये देवाने येशूला ‘प्रभू’ व ‘ख्रिस्त’ केले असे विधान आहे. एखाद्यास पदावर नेमता येते. त्याला त्याचेच नाव ‘करता’ येत नाही.

मराठीने ह्यांपैकी पहिले कार्य पूर्णपणे आत्मसात केले आहे. शब्दसिद्धीचा पुरावा ह्या बाबतीत निर्णायक मानावा लागेल. फादर स्टीफन्स ह्यांच्या १६१६ मधील ग्रंथास रूढ झालेले ‘ख्रिस्तपुराण’ हे नाव, रेव्हरंड टिळकांनी आरंभिलेले व लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलेले ‘ख्रिस्तायन’, समाजवाचक ‘ख्रिस्ती’ आणि ‘कैलासवासी’च्या धर्तीवर बनलेला ‘ख्रिस्तवासी’ ह्या सर्व शब्दांत ‘ख्रिस्त’ हे ‘राम’ किंवा ‘शिव’ ह्यांसारखे व्यक्तिनाम आहे. ही मराठीची स्वाभाविक प्रक्रिया असून तीत दोष काढण्याचे कारण नाही. दोष उत्पन्न होतो तो विधेयस्थानी. योहान १:४१ येथे मूळ लेखकाने ‘मेस्सियास’ हा परका शब्द देऊन ग्रीक वाचकासाठी ‘ख्रिस्तोस’ असा त्याचा अर्थ सांगितला. प्रचलित मराठी अनुवादात ‘मशीहा’चा अर्थ ‘ख्रिस्त’ असा दिलेला आढळतो. ग्रीक वाचकास जेथे उलगडा झाला, तेथे मराठी वाचकाच्या हाती एका परक्या शब्दाऐवजी दुसरा परका शब्द पडतो. याउलट जुन्या करारात, उदाहरणार्थ दुसऱ्या स्तोत्रात, तोच अनुवाद ‘अभिषिक्त’ शब्द योजतो. परिणामी ग्रीक वाचकास दोन्ही करारांना जोडणारा जो एक शब्द मिळत होता, तो मराठीत दुभंगला आहे.

‘मसीहा’ ह्या रूपाने हा प्रश्न सुटत नाही. हे रूप अरबी-फारसी परंपरेतून उर्दूच्या द्वारे आले. ‘गरिबांचा मसीहा’ ह्यासारख्या वृत्तपत्रीय प्रयोगांत त्याचा अर्थ ‘तारणारा, कैवारी’ असा झालेला आहे. मूळ शब्द कर्मवाचक आहे : ज्याच्यावर दुसऱ्याने क्रिया केली तो. मराठी ‘मसीहा’ कर्तृवाचक झाला आहे : जो इतरांसाठी काही करतो तो. नेमणारा कोण, हा प्रश्नच त्यातून लोपला आहे.

मराठीत दोन प्रतिशब्द संभवतात. ‘अभि + अञ्ज्’ ह्यापासून ‘अभ्यंग’ व ‘अभ्यक्त’. ‘अभि + सिच्’ ह्यापासून ‘अभिषेक’ व ‘अभिषिक्त’. धात्वर्थ पाहता पहिलाच शब्द मूळास जवळचा. त्यात तेलही आहे आणि माखणेही. परंतु रूढीने ‘अभ्यंग’ दिवाळीच्या पहाटेच्या स्नानाशी बांधला गेला, आणि त्याने कोणी राजा होत नाही. ‘अभिषिक्त’ शब्दात अधिकारपद स्पष्ट आहे. ६ जून १६७४ रोजी रायगडावर झालेला राज्याभिषेक मराठी मनात त्या शब्दाबरोबरच उभा राहतो. त्यात तेलाऐवजी मुख्यतः नद्यांचे जल सूचित होते, ही उणीव खरी. तथापि शमुवेलाने शौलाच्या मस्तकावर तेल ‘ओतले’ असे १ शमुवेल १०:१ सांगते. म्हणजे सिंचनाची क्रिया मूळ विधीतही होती. द्रव्य बदलले तरी क्रिया आणि पद ही दोन्ही ‘अभिषिक्त’ शब्दात टिकतात. शिवाय ते कर्मणी भूतकालवाचक धातुसाधित असल्याने मूळ शब्दाचे व्याकरणही त्यात उतरते.

ह्यावर असा आक्षेप संभवतो की, ‘अभिषिक्त’ म्हणताच मराठी वाचकास सिंहासनारूढ राजा दिसेल आणि सुळावर जाणाऱ्या येशूस ते विसंगत वाटेल. हा आक्षेप वस्तुतः त्या शब्दाचे समर्थनच करतो. पेत्राच्या उत्तरानंतर येशू हे कोणास सांगू नये अशी ताकीद देतो आणि लगेच ‘मनुष्याचा पुत्र’ ह्या दुसऱ्या पदनामाने आपल्या दुःखभोगाविषयी बोलतो (मार्क ८:३०–३१). पेत्राच्या मनातील राजा आणि येशूने सांगितलेला दुःखभोग ह्यांच्यातील विरोधावरच हा प्रसंग उभा आहे. ‘ख्रिस्त’ हे निव्वळ नाव वाचणाऱ्यास हा विरोध जाणवत नाही. कारण मोडण्यासाठी आधी अपेक्षाच निर्माण होत नाही.

तेव्हा अनुवादकासाठी कसोटी अशी सुचविता येईल : नावालगतचा ‘ख्रिस्त’ तसाच ठेवावा, विधेयस्थानी ‘अभिषिक्त’ योजावा, आणि योहान १:४१ येथे तरी ‘मशीहा’चा अर्थ ‘अभिषिक्त’ असाच द्यावा. उपासनेतील रूढ प्रार्थना व मतांगीकार ह्यांना ह्यामुळे धक्का लागत नाही.

ह्या बदलासाठी लागणारा अनुभव वसईच्या श्रद्धावंतांना नवा नाही. पवित्र सप्ताहात बिशप जे तेल पवित्र करतात, त्याचे ‘क्रिझ्मा’ हे नाव ‘ख्रिस्तोस’च्याच धातूपासून आलेले आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी ते बालकाच्या टाळूस आणि दृढीकरणात कपाळास लाविले जाते. येशूला देवाने पवित्र आत्म्याने अभिषेक केला असे प्रेषितांची कृत्ये १०:३८ म्हणते, आणि नंदाखालचे चर्च त्या पवित्र आत्म्याच्याच नावे उभे आहे. तेथे ज्या मुलाच्या कपाळास तेल लागते, त्यास ‘ख्रिस्ती’ ह्या शब्दाचा त्या तेलाशी असलेला संबंध त्याच्या मराठी बायबलातून कळू नये, ही अनुवादाची उणीव होय. आणि ती दूर करण्याचे साधन मराठीपाशी आहे.