पेटी, वळकटी आणि नाव : मराठी गद्यातील वसतिगृहप्रवेश

खेड्यातून शिकायला आलेल्या मुलाचा वसतिगृहातील प्रवेश हा आधुनिक मराठी गद्यात पुनःपुन्हा येणारा प्रसंग आहे. समीक्षेने मात्र त्याचा अर्थ बहुधा एकाच संकल्पनेच्या आधारे लावला. मुलगा घर सोडतो, शहरात येतो, अनोळखी खोलीत एकटा पडतो; या एकटेपणाला ‘परात्मता’ हे नाव दिले, की विवेचन पुरे झाले असे मानले जाते. ‘कोसला’च्या (१९६३) अस्तित्ववादी वाचनांनी ही सवय पक्की केली.

या संकल्पनेत एक गृहीत दडलेले आहे. सोडण्याजोगे घर असते आणि सोडल्यावरही ते जागच्या जागी राहते, हे ते गृहीत. पांडुरंग सांगवीकराच्या बाबतीत ते खरेच आहे. त्याच्यामागे सांगवीतील शेतीवाडी आहे, वडिलांचा पैसा आहे. वडिलांवरचा राग तो त्यांच्याच पैशाने व्यक्त करू शकतो. पुण्यातील वर्षे वाया गेल्यावर तो गावी परततो, ते परतायला घर असते म्हणून. त्याचे तुटलेपण खोटे ठरत नाही, पण त्याला भौतिक आधार आहे, आणि हा आधार अस्तित्ववादी वाचनात दिसेनासा होतो.

‘कोसला’तील वसतिगृहाचे खरे महत्त्व वेगळ्या ठिकाणी शोधावे लागते. ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ यांनी विणलेली त्या निवेदनाची भाषा ना निव्वळ खानदेशची आहे, ना पुणेरी. निरनिराळ्या जिल्ह्यांतली मुले एका छताखाली आली, घरची बोली उघड वापरायला संकोचली आणि पुस्तकी मराठीची थट्टा करू लागली, की जी तिसरी बोली तयार होते तिच्याशी या भाषेचे नाते आहे. कोणतेही विधान अंगाला लावून न घेता करायचे आणि गांभीर्य दिसले की ‘वगैरे’ म्हणून ते झटकायचे, ही खोलीतल्या रात्रीच्या गप्पांची रीत आहे. पुढे देशीयतेचा सिद्धान्त मांडणाऱ्या लेखकाची पहिली कादंबरी अशा कोणत्याच भूमीशी न बांधलेल्या जागेतून आपली भाषा उचलते, ही गोष्ट देशीवादाच्या चर्चेत फारशी ध्यानात घेतली जात नाही.

‘होस्टेल’ आणि ‘बोर्डिंग’ हे दोन शब्द मराठीत समानार्थी नाहीत. पहिल्यात महाविद्यालय, मेस आणि मोकळीक आहे. दुसऱ्यात देणगी, शिस्त आणि समाजसुधारणा. (‘वसतिगृह’ हा संस्कृत प्रतिशब्द हा भेद पुसून टाकतो, त्यात ‘वस्ती’ हा शब्द ऐकू येतो, पण तो ऐकणाऱ्याच्या जातीप्रमाणे वेगळा.) कोल्हापुरात १९०१ साली शाहू छत्रपतींच्या प्रेरणेने व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले आणि पाठोपाठ जातवार व धर्मवार वसतिगृहे उभी राहिली, अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीचे मिस क्लार्क बोर्डिंग १९०८ चे. तेथे मुलगा कोण आहे हे दरवाजावरची पाटीच सांगत असे. साताऱ्यात १९२४ मध्ये भाऊराव पाटलांनी सर्व जातींची मुले एका पंगतीला बसवली, तेव्हा त्यांनी ही पाटीच नाकारली. बोर्डिंगमध्ये शिरणे म्हणजे या इतिहासात शिरणे होते.

म्हणून ‘बलुतं’ (१९७८) मधील संगमनेरच्या बोर्डिंगला ‘परात्मता’ हा शब्द लावताना सावध राहावे लागते. महारवाडा आणि मुंबईचा कावाखाना या दोन्ही ठिकाणी ज्याला हक्काची जागा नव्हती, त्याला झोपायची ठरलेली जागा आणि वेळेवरचे जेवण मिळणे ही हानी नव्हे. त्याची व्यथा घर सुटण्यापेक्षा ज्या माणसांत जन्मलो त्यांच्यापासून भाषेने, कपड्यांनी आणि पुढे नोकरीने दूर जाण्याची आहे. दगडू मारुती पवार बोलतो आणि दया पवार ऐकतो, हा आत्मकथनाचा आकृतिबंध केवळ तांत्रिक युक्ती नाही. शिक्षणाने एका माणसाची दोन नावे केली, त्यांना समोरासमोर बसवल्याशिवाय हे कथन शक्यच नव्हते. या दुभंगाची सुरुवात कुठे तरी शाळा-बोर्डिंगच्या दिवसांतच धरावी लागते.

याला जुना दाखलाही आहे. ‘माझे पुराण’ (१९४४) लिहिणाऱ्या आनंदीबाई कर्वे तरुण विधवा असताना पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात राहून शिकल्या. विधवेचे ‘घर’ कोणते, हा प्रश्न तिथेही परात्मतेच्या आधीचा आहे.

पेटी आणि वळकटी उचलून आत शिरण्यापूर्वी आणखी एक अडसर असतो : प्रवेश-अर्ज. पांडुरंगाला त्याचा विचारही करावा लागत नाही. सांगवीकर हे आडनाव गाव आणि कूळ दोन्ही सांगून मोकळे होते. ‘अक्करमाशी’त (१९८४) बापाचे नाव हा शाळेच्या दाखल्यापासूनचा पेच आहे. ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४) मुंबईत वैद्यकीय शिक्षण घेऊन डॉक्टर झालेल्या मुलाचे आत्मकथन आहे, आणि त्याच्या मुखपृष्ठावर किशोर आणि काळे यांच्या मध्ये, जिथे मराठी रिवाजाने बापाचे नाव येते त्या जागी, शांताबाई हे आईचे नाव आहे.