डी नदीच्या खोऱ्यातील मोकळे डोंगर : निसर्गछायाचित्रण आणि हरीण-व्यवस्थापन यांचा एक टीकात्मक विचार

स्कॉटलंडमधील डी नदी केर्नगॉर्म पर्वतातील ब्रेरिआख शिखराच्या पठारावर उगम पावते आणि अ‍ॅबर्डीन येथे उत्तर समुद्राला मिळते. तिच्या वरच्या खोऱ्याच्या छायाचित्रांत जांभळ्या हेदरने झाकलेले उतार, धुके आणि एखादा एकाकी वृद्ध पाइन ही जणू ठरलेली सामग्री असते. या छायाचित्रांचे सौंदर्य नाकारण्याचे कारण नाही. मात्र त्यांतील ज्या मोकळेपणाला आपण निसर्ग समजतो, तो कसा निर्माण झाला हे पाहिल्याशिवाय त्यांचे मूल्यमापन अपुरे राहते, असे प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे.

ही दृष्टी मुख्यतः एकोणिसाव्या शतकात घडली. १८५१ मध्ये एडविन लँडसियर याने 'द मोनार्क ऑफ द ग्लेन' या चित्रात शिंगांचा मुकुट मिरवणारा नर रेड डिअर डोंगराचा राजा म्हणून उभा केला. पुढच्याच वर्षी राजपती आल्बर्ट यांनी डीच्या काठी बालमोरलची मालमत्ता विकत घेतली. अ‍ॅबर्डीनचा छायाचित्रकार जॉर्ज वॉशिंग्टन विल्सन (१८२३-१८९३) याने राजघराण्यासाठी काम केले आणि या परिसराची दृश्ये पर्यटकांना विकली. त्याच काळात हायलँडमध्ये शिकारीच्या मालमत्ता वाढत होत्या. त्यांना 'डिअर फॉरेस्ट' म्हणत. येथे फॉरेस्ट म्हणजे वृक्षराजी नव्हे, तर शिकारीसाठी राखलेले रान. त्यात एकही झाड नसले तरी चालत असे.

लांडगा अठराव्या शतकापर्यंत नामशेष झाला होता. हरणांवर नैसर्गिक अंकुश उरला नाही आणि शिकारीच्या हौसेने त्यांची संख्या जपली. पाइनचे रोप हेदरच्या वर डोके काढताच खुडले जाई. म्हणून छायाचित्रातील तो एकाकी पाइन चिवटपणाचे प्रतीक मानला जात असला, तरी वस्तुतः तो खुंटलेल्या वंशाचा शेवटचा वृद्ध आहे. माणसांच्या बाबतीतही हे खोरे मुळात रिकामे नव्हते. ग्लेन लुई या उपखोऱ्यातील वस्त्या १७२६ मध्ये उठविण्यात आल्या. निर्मनुष्य रम्यता म्हणून आपण जे पाहतो, त्यात हा इतिहासही दडलेला आहे.

नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या संस्थेने १९९५ मध्ये मार लॉज ही विस्तीर्ण मालमत्ता घेतली. पाइनचे पुनरुज्जीवन घडविताना कुंपणांपेक्षा हरणांची संख्या कमी करण्यावर भर दिला गेला. कुंपणाच्या तारांवर कॅपरकेली व ब्लॅक ग्राउस हे पक्षी आदळून मरतात, हे त्याचे एक कारण होय. हरणे मारण्यावर शेजारच्या मालमत्तांमधून व शिकारीवर उपजीविका असणाऱ्यांकडून तीव्र टीका झाली. ती सर्वस्वी स्वार्थी म्हणून झटकून टाकता येणार नाही, कारण दुर्गम खोऱ्यांत रोजगाराचे पर्याय मोजकेच असतात. तथापि, ग्लेन डेरी, ग्लेन लुई व ग्लेन कॉइख येथे आज तरुण पाइन उभे राहिले आहेत. झाडांचा प्रश्न डोंगरापुरता नाही. डीच्या उपनद्यांवर सावली नसेल, तर उन्हाळ्यात पाणी तापते आणि त्याचा फटका सॅमनला बसतो.

येथे छायाचित्रणाची एक उणीव ठळक होते. कॅमेरा नराकडे वळतो, विशेषतः शरद ऋतूतील माजाच्या काळात. हरणांची संख्या मात्र मुख्यतः माद्यांवर ठरते. माद्यांचा शिकारहंगाम २१ ऑक्टोबर ते १५ फेब्रुवारी असा असतो. थंडीत, तोकड्या दिवसांत चालणारे हे काम लोकप्रिय निसर्गचित्रात क्वचितच येते. शिंगे नसलेल्या मादीला लँडसियरच्या परंपरेत स्थानच नाही!

एकाच ठिकाणाहून वर्षांच्या अंतराने छायाचित्रे घेण्याची पद्धत या दृष्टीने अधिक प्रामाणिक वाटते. पहिल्या चित्रात बोडका उतार आणि दुसऱ्यात झाडी, असा पुरावा वादातीत असतो. पण तिच्यातही एक गाळीव जागा आहे. त्या दोन चित्रांमध्ये गेलेल्या हिवाळ्यांत किती माद्या मारल्या गेल्या, हे तिच्यात कोठेच दिसत नाही. परिणामी झाडी आपोआप उगवली असा पाहणाऱ्याचा समज होतो, आणि बंदुकीला विरोध करणारा व झाडीचे कौतुक करणारा प्रेक्षक एकच असू शकतो. अशा चित्रजोडीखाली वर्षांबरोबर मारलेल्या हरणांची संख्याही छापली गेली, तर चित्राच्या सौंदर्यात फारसे उणे होणार नाही. पाहणाऱ्याला मात्र थोडे थांबावे लागेल.